गडनोंद ॲप: त्या ४०४चा छडा लागला

लागला एकदाचा! फ्लास्कवर (पायथनचं वेब ॲप बनवायचं फ्रेमवर्क) चाललेल्या माझ्या गडनोंद ॲपचा मागच्या नोंदीतला प्रश्न आठवत असेल. रूट (कोणत्या पत्त्यावर कोणतं फंक्शन चालेल याची नोंद) ‘ॲप’ फाइलमधून उचलून ‘व्ह्यूज’मध्ये नेले, ‘फ्लास्क रन’ने सगळं सुरळीत, पण ‘पायथन ॲप.पीवाय’ म्हटलं की प्रत्येक पानावर ४०४, म्हणजे ‘पान सापडलं नाही’. ना एरर, ना ट्रेसबॅक. सीएसएस मात्र मिळत होती.

शेवटी यूआरएल मॅप (सगळ्या रूटची यादी) छापून पाहिला, तर त्यात फक्त स्टॅटिकचा, म्हणजे सीएसएससारख्या तयार फाइलींचा रूट. मग दोन्ही फाइलींत ॲप ऑब्जेक्टचा आयडी छापला. आकडे वेगळे! तिथे ट्यूब पेटली.

फाइल थेट चालवली की पायथन तिची नोंद ‘मेन’ या नावाने करतो. ‘व्ह्यूज’ने ‘ॲप’ मॉड्यूल मागितलं की ते नाव लोड झालेल्या मॉड्यूलच्या यादीत सापडत नाही, म्हणून तीच फाइल पुन्हा पहिल्यापासून चालते आणि फ्लास्कचा दुसरा ऑब्जेक्ट जन्माला येतो. रूट सगळे दुसऱ्याला चिकटतात, सर्व्हर चालतो पहिल्यावर. ‘फ्लास्क रन’ फाइल ‘ॲप’ म्हणूनच इम्पोर्ट करतं, त्यामुळे तिथे दुसरी प्रत होतच नाही.

इम्पोर्ट फाइलच्या तळाशी ढकलायची युक्ती मला मुळीच पटत नाही. ‘ॲप’ने ‘व्ह्यूज’ आणि ‘व्ह्यूज’ने ‘ॲप’ इम्पोर्ट करायचं हे चक्र तसंच राहतं, फक्त दिसेनासं होतं. आता डीबी (डेटाबेस) ऑब्जेक्ट ‘एक्स्टेन्शन्स’ फाइलमध्ये, रूट ब्लूप्रिंटवर (नंतर ॲपला जोडायचा रूटचा गट), आणि जोडणी फक्त ‘क्रिएट ॲप’ फंक्शनमध्ये. ‘व्ह्यूज’ला ‘ॲप’ इम्पोर्ट करावंच लागत नाही. पायडेप्सच्या (कोण कोणाला इम्पोर्ट करतं ते दाखवणारं साधन) आकृतीत एकही उलटा बाण नाही, ते चित्र मी कितीतरी वेळ बघत बसलो!

पुढे मॉडेल्स, फॉर्म्स, हेल्पर्स अशी वाटणी करायची होती. पण हे लिहितानाच जाणवतंय की चढाईच्या वेळेत काहीही बदललं की रूट, फॉर्म, क्वेरी तिन्ही एकदम उघडावे लागतात. मग ‘किल्ले’ आणि ‘मोहिमा’ असे विषयवारच फोल्डर करतो. ‘युटिल्स’ बरखास्त, हॅवरसाइनने (पृथ्वीवरच्या दोन ठिकाणांमधल्या अंतराचं सूत्र) अंतर काढणारं फंक्शन ‘भूगोल’मध्ये जाईल. ‘किल्ले’ने ‘मोहिमा’ इम्पोर्ट करायचं नाही, हा नियम इम्पोर्ट-लिंटरवर (इम्पोर्टचे नियम तपासणारं साधन) सोपवतो.

फंक्शन हलवायला पायचार्म या कोड एडिटरचं मूव्ह उत्तम, इम्पोर्ट आपोआप दुरुस्त होतात. टेम्प्लेटमधल्या ‘यूआरएल फॉर’ची (नावावरून पानाचा पत्ता बनवणारं फंक्शन) नावं मात्र त्याने बदलली नाहीत: ब्लूप्रिंटमुळे ‘यादी’चं ‘किल्ले.यादी’ झालं आणि पानोपानी बिल्डएरर, म्हणजे पत्ता बनवता येत नसल्याची एरर. रिपग्रेपने (फाइलींत मजकूर शोधणारं साधन) एकेक शोधतोय; मोहिमांची टेम्प्लेट्स अजून बाकी आहेत.