समुद्रसपाटी

सोमवार, ६ ऑक्टोबर २०२५. कोजागिरी. नागपूर, रात्रीचे बारा.

गच्चीवर दूध आटवून झालं, पिऊन झालं. बाकीचे खाली झोपायला गेले, वर आजी आणि मीच आहोत. मघाशी रत्नागिरीचा फोटो आला. मांडवीची जेटी, तिच्या दोन्ही अंगांना काठोकाठ पाणी, आणि खाली दोनच शब्द : 'उधाण आहे.' आजीला दाखवला. तिनं पदरानं चष्मा पुसला, फोन डोळ्यांजवळ नेला आणि म्हणाली, "हे रोजच असं भरून राहते का गं?"

नाही आजी, रोज असं नसतं. पौर्णिमेलासुद्धा दिवसभर नसतं. मला स्वतःला हे नीट कळून जेमतेम सहा महिने झालेत. एप्रिलमधल्या त्या दोन दिवसांबद्दल लिहायचं लिहायचं म्हणत प्रबंध, परतीचं तिकीट, सामान या सगळ्यात राहूनच गेलं. आज झोप येत नाही, तर लिहून टाकते.

इंग्लंडमध्ये लीड्सला शिकताना आमचा चौघांचा गट होता. आम्ही एकमेकांना गावाच्या नावानंच हाक मारायचो. रत्नागिरी, जळगाव, मी नागपूर, आणि घानाहून आलेला वर्गमित्र आक्रा. ईस्टरची सुट्टी लागली होती. जळगावनं हिशोब मांडला की बसला एका फेरीला तीनच पौंड पडतात, मग कशाला थांबायचं? शुक्रवारी दुपारी लीड्सहून पूर्व किनाऱ्यावरच्या व्हिटबी गावाची बस धरली. यॉर्क, मॉल्टन, पिकरिंग, आणि मग नॉर्थ यॉर्क मूर्सचं ते ओसाड तपकिरी पठार. एप्रिलमध्ये तिथं हिदरच्या झुडपांना फुलं नसतात. मला एकदम आपल्याकडचं उन्हाळ्यातलं पडीक रान आठवलं, फक्त खिडकीतून येणारा वारा बर्फासारखा होता. मुक्काम टेकडीवर, जुन्या ख्रिस्ती मठाच्या, म्हणजे अ‍ॅबीच्या भग्न भिंतींना लागून असलेल्या युवा वसतिगृहात. पोचेपर्यंत अंधारलं होतं. समुद्र दिसला नाही, रात्रभर नुसता ऐकू येत होता.

मी सिव्हिलची आहे, हे इथं सांगायला पाहिजे. इंजिनिअरिंगच्या सर्व्हे कॅम्पला भर उन्हात ऑटो लेव्हल (उंची मोजायची दुर्बीण) आणि स्टाफ (मापाची उभी पट्टी) घेऊन आम्ही किती आरएल काढले असतील, मोजदाद नाही. आरएल म्हणजे समुद्रसपाटीपासूनची उंची. नागपुरातल्या झिरो माइलजवळच्या १९०७ च्या बेंचमार्कची, म्हणजे मोजून पक्क्या केलेल्या खुणेची, उंची १०२०.१७१ फूट, ही तर तोंडपाठ. दशांशानंतर तीन आकडे! आणि ज्या समुद्रापासून हे सगळं मोजत होते, त्याच्याशी माझी ओळख लहानपणी चौपाटीवर तासभर उभं राहिले तेवढीच. माझ्या डोक्यात समुद्र म्हणजे मोठा फुटाळा तलाव. लाटा येतात-जातात, पण पाणी आपल्या जागी असतं.

शनिवारी सकाळी रत्नागिरीला आईचा मेसेज आला, हनुमान जयंतीच्या शुभेच्छा. तो लगेच बोटांवर मोजायला लागला. "आज पौर्णिमा. पंधरा त्रिक पंचेचाळीस, भागिले चार, सव्वा अकरा. सव्वा अकराला पूर्ण भरती. किनाऱ्यावर जाऊन उपयोग नाही गो, चालायला जागाच नसेल."

हे गणित त्याच्या आजोबांचं. तिथीला तीननं गुणायचं, चारनं भागायचं, की भरतीची साधारण वेळ मिळते. अष्टमीला सहा वाजता, अमावास्या-पौर्णिमेला बाराच्या आगेमागे. कोकणात मासेमारी करणाऱ्या घरांमध्ये हे पाढ्यासारखं येतं म्हणे. पौर्णिमा-अमावास्येच्या मोठ्या भरतीला उधाण म्हणायचं आणि अष्टमीच्या सुमाराला पाणी फारसं चढत-उतरत नाही त्याला भांग. मी इतकी वर्षं आरएल काढले, पण 'भांग'चा हा अर्थ पहिल्यांदा ऐकला.

आम्ही एकशे नव्व्याण्णव दगडी पायऱ्या उतरून गावात आलो तेव्हा अकरा वाजत आले होते. आणि समुद्र नव्हता. म्हणजे होता, पण कुठल्या कुठे आत गेलेला. बंदरात होड्या चिखलावर कुशीला टेकून बसल्या होत्या. कड्याच्या पायथ्याला काळ्या खडकाच्या सपाट फरश्या दूरवर उघड्या पडल्या होत्या, शेवाळानं हिरव्या, मधेमधे पाण्याची डबकी. रत्नागिरी नुसता उभा राहिला. आजोबांचं गणित चुकताना त्यानं कधी पाहिलंच नव्हतं. त्याचा चेहरा पाहून मला फार वाईट वाटलं.

बंदराजवळच्या भरती-ओहोटीच्या तक्त्यानं उलगडा केला. त्या दिवशी साडेदहाच्या सुमाराला ओहोटी पूर्ण होती आणि भरती संध्याकाळी पाचच्या आत. गणित चुकलं नव्हतं, ते दुसऱ्या किनाऱ्याचं होतं. अटलांटिकमधून भरतीचा फुगवटा स्कॉटलंडच्या डोक्यावरून वळतो आणि इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यानं दक्षिणेकडे सरकत येतो. वाटेतल्या प्रत्येक बंदरात त्याची पोचायची वेळ निराळी. चंद्र एकच, पण बंदरागणिक घड्याळ वेगळं. आक्रा म्हणाला की त्याच्या गावचे कोळीही असंच काहीसं चंद्रावरून सांगतात. मग ते दोघं बराच वेळ एकमेकांच्या गावच्या वेळा ताडून पाहत होते, आणि आम्ही दोघी पठारावरच्या मुली ऐकत होतो.

त्या होड्यांवरून एक कळलं. कॅप्टन कुकचं 'एन्डेव्हर' जहाज १७६४ साली याच गावात बांधलं गेलं, मुळात कोळसा वाहायला. अशा जहाजांचा तळ सपाट असायचा, म्हणजे ओहोटीला पाणी निघून गेलं तरी ती वाळूवर सरळ बसत. पाणी जाणार हे धरूनच इथं सगळं बांधलेलं.

पाणी लांब आहे म्हटल्यावर आम्ही कड्याखालून सॉल्टविकच्या दिशेनं निघालो. रत्नागिरी दोनदा म्हणाला, दीडच्या आत परत फिरायचं. पण तिथं खाली मान घातली की वर होत नाही. त्या काळ्या शेल खडकामध्ये अमोनाइट सापडतात, शंखासारखे गुंडाळलेले जीव, सुमारे अठरा कोटी वर्षांपूर्वीचे. कड्याला हात लावायचा नाही, दरड कोसळते. सुट्या पडलेल्या दगडांतलेच शोधायचे. इथली जुनी कथा अशी की ६५७ साली अ‍ॅबी स्थापन करणाऱ्या संत हिल्डनं गावातल्या सापांचे दगड केले, तेच हे. मला एक सापडला, रुपयाएवढा. हातात घेतला आणि अंगावर काटा आला. आमच्या देवघरातला शाळिग्राम! तोही अमोनाइटच, गंडकीच्या पात्रातला. हिमालय उभा राहण्याआधी तिथं असलेल्या समुद्राचा. आजी वर्षानुवर्षं रोज सकाळी एका समुद्रातल्या जिवाला आंघोळ घालते आहे, आणि घरात कोणी समुद्र धड पाहिलेला नाही.

या नादात पावणेदोन वाजले. लाटा अजून पन्नास-साठ पावलं समोर होत्या, म्हणून मी निवांत होते. पाणी समोरून येईल असंच मी धरून चालले होते. ते पाठीमागून आलं. खडकातल्या सखल घळींमधून शिरून आमच्या आणि कड्याच्या मध्ये कधी पसरलं, कळलंच नाही. रत्नागिरीनं एकदाच हाक मारली, पण ती अशी की मी हातातले बाकीचे दगड टाकून दिले. जळगावला पोहता येत नाही. आक्रानं तिचा हात धरला. आधी पोटरीएवढं, एका जागी गुडघ्याच्या वर. पाणी इतकं गार की पाय आपले राहिले नाहीत. जेमतेम वीस पावलांची घळ होती, पण मी आयुष्यात इतकी घाबरले नव्हते. पायाखालचं शेवाळ निसटत होतं आणि बाजूला सरळसोट कडा, चढायला कुठंही जागा नाही.

गावच्या वाळूवर पोचल्यावर रत्नागिरी आमच्यावर खूप ओरडला. मग खाली बसला आणि शांतपणे सांगितलं : सहा तासांच्या भरतीत पाणी सारख्या वेगानं चढत नाही. पहिल्या तासात थोडं, दुसऱ्यात जास्त, आणि तिसऱ्या-चौथ्या तासात सगळ्यात जोरात, त्या दोन तासांत निम्मं पाणी येतं. आम्ही नेमके चौथ्या तासात होतो. चूक माझीच होती. 'अजून दहा मिनिटं' मीच म्हणाले होते.

ओले पाय घेऊन धक्क्यावर फिश अँड चिप्स खाल्ले, सीगल पक्ष्यांपासून झाकून झाकून. जळगावनं पिशवीतून शेंगदाण्याची चटणी काढून माशावर टाकली. फार छान लागलं.

संध्याकाळी पाचला परत खाली उतरलो. दुपारी चाललो त्या फरश्या नव्हत्याच. कड्याला थेट पाणी भिडत होतं, होड्या उभ्या राहून डुलत होत्या. चार-साडेचार मीटरचा फरक, म्हणजे आमच्या घराचा एक मजला बुडून वर थोडं. मी तिथं उभी राहून एकच विचार करत होते : यातली सपाटी कुठली?

उत्तर मला पुस्तकातून माहीत होतं, पण त्या दिवशी ते खरं वाटलं. इंग्रजांच्या काळात मुंबई, कारवार, मद्रास, विशाखापट्टणम अशा नऊ बंदरांवर भरती-ओहोटीच्या वर्षानुवर्षांच्या नोंदी ठेवल्या आणि त्यांची सरासरी काढून देशातल्या उंचीचं शून्य ठरवलं. पाणी त्या रेषेवर थांबत नाही, दिवसातून चार वेळा ती ओलांडून जातं. काल मुद्दाम झिरो माइलला जाऊन आले. त्या दगडाला हात लावला तेव्हा पहिल्यांदा वाटलं, कोणीतरी रात्री-बेरात्री धक्क्यावर जागून पाण्याची उंची लिहून घेतली, तिथून हा आकडा पायी चालत, लेव्हल लावत लावत नागपूरपर्यंत आला.

तो अमोनाइट आल्या दिवशीच आजीला दिला. तिनं धुतला, गंध लावलं आणि शाळिग्रामाशेजारी ठेवला. "पाहुणा आहे बाप्पा, राहू दे," म्हणाली.

आता ती पुन्हा फोटो मागते आहे. मघापासून तिसऱ्यांदा.

"मले घेऊन चल एकदा," म्हणाली. "पण पाणी असंन तवाच ने. रिकामा समुद्र पाहून काय करू मी?"

रत्नागिरीला विचारलं, आजीला कधी आणू? उत्तर लगेच आलं : 'त्रिपुरी पौर्णिमेला. सकाळी अकराच्या आत मांडवीला पोचा. आजोबांचं गणित इथं चुकत नाही.'