सिडनीत वकिलाच्या बिलाला आव्हान: माझा अनुभव

वकिलाच्या फीवर भांडायचं असेल तर आधी तारखा जुळवून ठेवा. ‘बिल फार आलं’ या वाक्याला इथे काडीचीही किंमत नाही. काय सांगितलं, कधी सांगितलं आणि काय सांगायचं राहिलं, यावर सगळं ठरतं. आमचा घराच्या बांधकामाचा दावा तडजोडीने मिटला आणि शेवटचा हिशेब सुरुवातीच्या अंदाजाच्या दुपटीवर गेला. मधल्या काळात सुधारित अंदाज एकदाही आला नव्हता. अख्खी केस या एका गोष्टीवर उभी राहिली.

न्यू साउथ वेल्स आणि व्हिक्टोरियात १ जुलै २०१५ पासून ‘लीगल प्रोफेशन युनिफॉर्म लॉ’ लागू आहे. त्याच्या कलम १७४ प्रमाणे काम हाती घेताच फी कशी मोजणार आणि एकूण खर्च किती येईल, हे लेखी सांगावं लागतं. अंदाज बराच बदलला तर तो पुन्हा कळवणंही बंधनकारक आहे. जीएसटी आणि बाहेरचे खर्च सोडून फी ७५० डॉलरच्या आत राहणार असेल तर ही सक्ती नाही, आणि ३,००० पर्यंत छोटा ठरीव फॉर्म चालतो.

या लेखी माहितीला डिस्क्लोजर म्हणतात. ते चुकलं तर कॉस्ट्स अ‍ॅग्रीमेंट, म्हणजे फीचा करार, रद्दबातल ठरतं आणि फीचं मूल्यमापन होईपर्यंत फर्मला वसुलीचा दावा लावता येत नाही. पण आपल्या मंडळींत ‘डिस्क्लोजर नाही, म्हणजे एक पैसाही द्यायचा नाही’ असं छातीठोकपणे सांगणारे बरेच भेटतात. ते खोटं आहे. करार गेला तरी झालेल्या कामाची वाजवी फी द्यावीच लागते. फक्त करारातला दर आता दगडावरची रेघ राहत नाही.

पहिलं काम तपशीलवार बिल मागण्याचं. एकरकमी बिल आलं असेल तर पैसे देय झाल्यापासून ३० दिवसांत ही मागणी करायची. फर्मला ते २१ दिवसांत द्यावं लागतं. मागणी ईमेलनेच करा. फोनवरचं बोलणं नंतर सिद्ध करता येत नाही.

पुढे दोन वाटा आहेत. वकिलांविरुद्धच्या तक्रारी बघणाऱ्या लीगल सर्व्हिसेस कमिशनरकडे तक्रार फुकट होते, पण मुदत साधारण ६० दिवसांची, आणि बंधनकारक निर्णय वादातली रक्कम १०,००० डॉलरच्या आत असेल तरच मिळू शकतो (हा आकडा निर्देशांकाप्रमाणे वाढतो). त्याहून मोठ्या रकमेसाठी राज्याच्या सुप्रीम कोर्टातल्या ‘मॅनेजर, कॉस्ट्स असेसमेंट’ (फीच्या मूल्यमापनाचे अधिकारी) यांच्याकडे अर्ज करायचा. त्याला १२ महिने मिळतात. दोन्हीकडे एकदम चालत नाही. आमच्या रकमेला दुसरीच वाट होती.

अर्जावर निर्णय देणारा असेसर स्वतः वकीलच असतो. सुनावणी, उलटतपासणी काही नाही, सगळं कागदावर. त्यामुळे आक्षेपांचा तक्ता हाच तुमचा युक्तिवाद. मी रकाने असे केले: बिलातली ओळ, तारीख, लावलेली रक्कम, आक्षेप आणि माझ्या मते योग्य रक्कम. शेवटचा रकाना लोक रिकामा सोडतात. मग असेसरला धरायला आपला आकडाच नसतो, फर्मचा तेवढा असतो.

बिल वाचताना सहा मिनिटांच्या युनिटवर लक्ष ठेवा. ताशी ५०० डॉलर दर असेल तर एक युनिट ५० डॉलरचं, आणि ‘मिळाले, धन्यवाद’ एवढं वाचायलाही एक युनिट लागू शकतं. अशा ओळी एकेक करून भांडण्यासारख्या नसतात, गटाने मांडा. ज्यांवर खरा जोर द्यायचा त्या वेगळ्या: एकाच बैठकीला दोन सॉलिसिटर, ज्युनियरने केलेलं काम सिनियरने पुन्हा करणं, फाइल लावण्यासारखं कारकुनी काम वकिलाच्या दराने. बिल तयार करण्याचे पैसे तर कायद्यानेच लावता येत नाहीत, तरी ते ‘अकाउंट्सचा आढावा’ अशा नावाखाली डोकावतात.

डिस्क्लोजरचा मुद्दा तक्त्यात विखरू नका. अर्जासोबत वेगळं टिपण लावा: मूळ अंदाज, प्रत्येक बिलानंतरची एकूण बेरीज आणि अंदाज ओलांडल्याची तारीख. त्या दिवशी सांगितलं असतं तर आम्ही काय केलं असतं, हेही लिहा. आमच्याकडे समोरच्या पक्षाचा त्या सुमारास आलेला तडजोडीचा प्रस्ताव होता. तो जोडल्यावर आक्षेपाला वजन आलं.

फर्मचं ठराविक उत्तर असतं: ‘पक्षकाराने मधली बिलं कुरकुर न करता भरली.’ या उत्तराची भीती वाटून गप्प बसू नका; आधी भरलेल्या फीचंही मूल्यमापन मागता येतं, मुदत तेवढी बघायची.

असेसमेंटचा खर्च कुणी सोसायचा याचा नियम कामाचा आहे. बिल १५ टक्के किंवा त्याहून जास्त कापलं गेलं, किंवा डिस्क्लोजर चुकलेलं ठरलं, तर सहसा तो फर्मवर पडतो. निकालाच्या सर्टिफिकेटसोबत कारणं येतात. सर्टिफिकेट कोर्टात दाखल केलं की त्याला निवाड्याचं बळ येतं. पटलं नाही तर ३० दिवसांत रिव्ह्यू पॅनेलकडे जायचं, आणि त्यानंतर अपील. वादातली रक्कम २५,००० डॉलरच्या खाली असेल तर डिस्ट्रिक्ट कोर्टात आधी परवानगी लागते.