स्टाईलशीटशिवाय रंग: शब्दांच्या तक्त्याची प्रगती

तक्ता आता दाखवण्याजोगा झालाय, म्हणून ही नोंद. नवीन आलेल्यांसाठी थोडक्यात सांगतो: सीएसएसची (पानाचं रूपरंग ठरवणाऱ्या भाषेची) एकही ओळ न लिहिता, निव्वळ एचटीएमएलच्या (पान ज्या भाषेत लिहितात तिच्या) जुन्या ॲट्रिब्यूट्सवर, म्हणजे टॅगमध्येच लिहायच्या सूचनांवर, एक अख्खं पान रंगवायचं, असं हे काम आहे. तक्त्यातल्या सेलांना बीजीकलर, म्हणजे पार्श्वभूमीचा रंग सांगणारं ॲट्रिब्यूट, म्हणून मी रोमन लिपीतले मराठी शब्द दिलेत, आणि ब्राउझर त्यातून जो रंग काढतो तो तिथे दिसतो. गरज खरी आहे. बऱ्याच ठिकाणी आपण टाकलेल्या मजकुरातला स्टाईल टॅग सरळ छाटला जातो. ईमेलचं तर विचारूच नका. विंडोजवरचं जुन्या धाटणीचं आउटलुक २००७ पासून वर्डच्या इंजिनावर चालतं. तिथे सीएसएसची पार्श्वभूमी दिसेलच याची खात्री नसते, पण टेबलाच्या सेलला दिलेला बीजीकलर बिनबोभाट उमटतो.

हे ॲट्रिब्यूट नेटस्केप या जुन्या ब्राउझरने १९९५ च्या सुमारास आधी बॉडीसाठी, म्हणजे अख्ख्या पानासाठी आणलं, १९९७ च्या जानेवारीत एचटीएमएल ३.२ मध्ये ते अधिकृत झालं आणि त्याच वर्षअखेरीस एचटीएमएल ४ ने ते नापसंतीच्या यादीत टाकलं. आज ते कालबाह्य म्हणून नोंदलेलं आहे. तरी ब्राउझरने ते कसं वाचायचं, याचे नियम एचटीएमएलच्या मानकात पायरीपायरीने लिहून ठेवलेत. माझा सगळा तक्ता त्या नियमांवर उभा आहे.

सीएसएसमध्ये रंगाचं नाव चुकलं की ती ओळ रद्द होते. बीजीकलर जवळपास काहीच रद्द करत नाही. तुम्ही रोमन लिपीत 'transparent' सोडून कुठलाही शब्द द्या, त्यातून रंग निघतोच. आधी तो शब्द ठरलेल्या नावांच्या यादीत आहे का, हे पाहिलं जातं. नसेल तर शून्य ते नऊ आणि ए ते एफ सोडून बाकी प्रत्येक अक्षराच्या जागी शून्य येतं. मग लांबीला तीनने भाग जाईपर्यंत शेवटी शून्यं जोडायची, तीन सारखे तुकडे करायचे, आणि ते लाल, हिरवा, निळा या क्रमाने सोळाच्या पायाच्या संख्या (ए म्हणजे १०, एफ म्हणजे १५) म्हणून वाचायचे. तुकडे दोन अक्षरांहून लांब असतील तर तिन्हींच्या सुरुवातीला शून्य असेपर्यंत ते काढत जायचं, आणि तरीही लांब राहिले तर पहिली दोन अक्षरं ठेवायची.

आता हळद घ्या. एच-ए-एल-ए-डी. एच आणि एल शून्य झाले, शेवटी एक शून्य जोडलं, आणि तुकडे पडले ०ए, ०ए, डी०. म्हणजे लाल १०, हिरवा १०, निळा २०८. हळदीचा सेल गडद निळा! शेंदूर, एस-एच-ई-एन-डी-यू-आर, सात अक्षरांचा. दोन शून्यं जोडून तीन-तीनचे तुकडे केले की तिन्हींच्या पुढे शून्य निघतं, ते गेलं की उरतं ०ई, डी०, ००. लखलखीत हिरवा. बुक्का, बी-यू-के-के-ए, जांभळा येतो. आणि माझा सगळ्यात लाडका भगवा. बी-एच-ए-जी-व्ही-ए असा सहा अक्षरांत लिहिला तर बी०, ए०, ०ए, म्हणजे मोहरीच्या जवळचा पिवळा. जी आणि व्हीच्या मध्ये एक ए वाढवून सात अक्षरं केली की तोच शब्द जांभळ्यावर जातो. दोन्ही शेजारीशेजारी ठेवलेत. तक्त्यातली माझ्या मते सर्वांत बघण्यासारखी जोडी तीच.

देवनागरीत थेट हळद लिहून पाहणाऱ्यांसाठी: तिन्ही अक्षरं शून्य होतात आणि सेल काळा पडतो. उलट पेरू रोमनमध्ये लिहिला तर वरचं गणित लागतच नाही, कारण त्या स्पेलिंगचा एक तपकिरी रंग यादीत आधीपासून आहे. म्हणून शब्द निवडताना यादी आधी चाळा.

आता पानाच्या बांधणीकडे. सेलांच्या मधल्या बारीक रेषा बॉर्डरने काढलेल्या नाहीत. टेबलाला गडद बीजीकलर, सेलस्पेसिंग (सेलांमधली फट) १, आणि प्रत्येक सेलला स्वतःचा रंग. फटीतून मागचा गडद रंग डोकावतो आणि एका पिक्सेलची स्वच्छ रेघ मिळते. डावीकडचा उभा पट्टा बॉडीच्या बॅकग्राउंड ॲट्रिब्यूटमधून आलाय: १० पिक्सेल उंच आणि खूप रुंद असं चित्र, ज्याचा डावा भाग रंगीत आणि बाकी फिका. ब्राउझर ते खाली खाली लावत जातो. रुंदीत कंजुषी करू नका, नाहीतर मोठ्या स्क्रीनवर उजवीकडे दुसरा पट्टा उगवतो. चित्रासोबत बीजीकलरही द्याच, चित्र उतरलं नाही तरी पान वाचता आलं पाहिजे.

वाचता येण्यावर या वेळी सर्वांत जास्त वेळ दिला, आणि तो द्यायलाच हवा असं माझं ठाम मत आहे. साध्या मजकुरासाठी कॉन्ट्रास्ट (अक्षरं आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचं गुणोत्तर) किमान ४.५ असावा असं वेबच्या सुलभतेचे नियम सांगतात. हळदीच्या निळ्यावर पांढरी अक्षरं दहाच्या वर जातात, उत्तम. मोहरीच्या भगव्यावर पांढरं २.७ च्या आसपासच अडकतं, तिथे काळं घेतलं की जवळपास ८. काळ्या पार्श्वभूमीवर लिंकचा नेहमीचा निळा तर जेमतेम २.२. म्हणून बॉडीला टेक्स्ट (मजकूर), लिंक (न पाहिलेली लिंक), व्हीलिंक (पाहिलेली लिंक), एलिंक (दाबताना दिसणारी लिंक) ही रंगाची चारही ॲट्रिब्यूट्स द्या. नुसता बीजीकलर देऊन थांबणं म्हणजे अर्धं काम.

तुमचा मजकूर दुसऱ्याच्या पानात बसणार असेल तर एक गोष्ट आड येते. ही ॲट्रिब्यूट्स प्राधान्यात पानाच्या सीएसएसच्या खाली असतात. त्या पानाच्या सीएसएसचा साधा नियमसुद्धा त्यांना हरवतो. पण तो नियम ज्या घटकावर लावलाय त्यालाच लागतो. टेबलाची पार्श्वभूमी पांढरी केलेली असेल तर रंग सेलला द्या. लिंकचा रंग बांधलेला असेल तर लिंकच्या आत फॉन्ट टॅग घालून त्याला कलर द्या. फॉन्टसाठी आज फारसं कुणी सीएसएस लिहीत नाही, त्यामुळे आतला रंग टिकतो.

पुढचा टप्पा म्हणजे फळांची ओळ. झेंडूसाठी मात्र आत्ताच जागा राखून ठेवलीये: पुढे जे-एच लावून लिहिला की ००, ई०, डी० असा समुद्री हिरवा-निळा येतो, आणि तो शेंदराच्या बाजूला फार खुलतो.