अर्धी वाटी भोपळा

आईला व्हिडिओ कॉल लावला की पहिला प्रश्न ठरलेला, "जेवला का गं तो?" आणि कॅमेरा त्याच्याकडे वळवला की लगेच, "वाळलाय नुसता!"

परका देश, हाताशी घरचं कुणी नाही आणि दीड वर्षाचं पोर तोंड उघडायला तयार नाही. मग मी टॅबवर कार्टून लावायचे आणि तो बघता बघता आ करायचा तेवढ्यात चमचा आत सारायचे. वाटीभर जेवण भरवायला पाऊण तास. एका रात्री झोपवताना लक्षात आलं, शेवटचा घास अजून गालातच आहे.

दीड वर्षाच्या तपासणीला मी नर्सपुढे रडगाणं लावलं. तिने त्याचं वजन केलं आणि वाढीचा तक्ता माझ्याकडे वळवला. त्याची रेघ आपली सरळ चालली होती. पहिल्या वर्षात मूल जन्मवजनाच्या जवळपास तिप्पट होतं, दुसऱ्या वर्षात मात्र साधारण अडीच किलोच वाढतं. वाढच मंदावते, तर भूक कशी तेवढीच राहील? आईला सांगितलं, तर ती म्हणाली, "तिकडची मापं आपल्या मुलांना कशाला लावता?" पण तक्ता जागतिक आरोग्य संघटनेचा, 2006चा; ज्या सहा देशांतल्या मुलांवरून तो बनवला त्यांत आपल्या दिल्लीचीही मुलं होती. यावर आई गप्प. (दोन मिनिटंच.)

नर्सने पुढे विचारलं, "दूध किती पितो?" मी अभिमानाने सांगितलं, चार बाटल्या, म्हणजे जवळजवळ लिटरभर. चोर सापडला! दुधाने पोट भरतं, पण त्यात लोह नसल्यासारखंच. म्हणून या वयात दिवसाला अर्धा लिटर पुष्कळ झालं. बाटल्या कमी केल्या त्या तीन रात्री आम्ही कुणीच झोपलो नाही. चौथ्या दिवशी सकाळी त्याने अख्खं अंडं खाल्लं, आपल्या हाताने.

आता टॅब बंद. काय आणि कधी वाढायचं ते मी ठरवते, किती खायचं ते तो. दुपारी दोन घासांत उठला तरी मागे धावत नाही. 1991मध्ये मुलांच्या खाण्यावर संशोधन करणाऱ्या लिअॅन बर्च यांनी दोन ते पाच वर्षांच्या मुलांचं खाणं मोजून दाखवलं होतं: एकेका जेवणात खूप चढउतार, पण दिवसाची बेरीज जवळपास तेवढीच. हे वाचलं नसतं तर मला धीर धरवला नसता. एका गोष्टीत मात्र मी अजून ढिली पडत नाही: घशात अडकू नये म्हणून द्राक्षं उभी चिरूनच, आणि अख्खे शेंगदाणे अजिबात नाहीत.

लाल भोपळ्याचं काही खरं नाही. नवीन पदार्थ दहा-पंधरा वेळा समोर यावा लागतो म्हणतात, म्हणून दर वेळी बोटभर फोड ताटात ठेवते. पहिल्यांदा त्याने ती फेकली, मग काही दिवस नुसती दाबून बघितली. काल, अकराव्या खेपेला, बोट चाटलं, तोंड वाकडं केलं आणि उरलेला भोपळा माझ्या तोंडात कोंबला.