टाळेबंदीतली नीटची तयारी

आज लातूरमध्ये शिकवणी वर्गांच्या गर्दीतून जाताना २०२० साली हीच वसतिगृहे कशी ओस पडली होती, ते आठवले. नीटची, म्हणजे वैद्यकीय प्रवेश परीक्षेची, तयारी अर्धवट सोडून गावी परतलेल्या माझ्या भाचीला घरात रेंज मिळत नसे, म्हणून ती माळवदावर छत्री उघडून, भावासोबत वाटून घेतलेल्या मोबाइलवर भौतिकशास्त्राचे तास ऐकत असे. शंका विचारेपर्यंत सर पुढच्या उदाहरणावर गेलेले असत. ३ मेची परीक्षा आधी २६ जुलैवर आणि मग १३ सप्टेंबरवर गेली, तेव्हा अभ्यासाला वेळच मिळाला, असे आम्ही मोठी माणसे म्हणत राहिलो (आमचे काय जात होते!), पण सराव परीक्षा आणि शेजारच्या बाकावरची चुरस नसताना तेच धडे पुन्हा पुन्हा उगाळणे तिला फार जड गेले. तिच्या वर्गातल्या एका हुशार मुलीकडे तर मोबाइलच नव्हता; तिने शेवटी बी.एस्सी.ला प्रवेश घेतला.