चकची किल्ली

आमच्या सामायिक वर्कशॉपमध्ये लेथ, म्हणजे धातूचा तुकडा फिरवत ठेवून कापणारे यंत्र, एकच आणि ती चालवणारे हात अनेक. त्यामुळे आधीच्या माणसाने मशीन कोणत्या अवस्थेत सोडली असेल, हे कधीही गृहीत धरू नये. गेल्या महिन्यात स्विच दाबण्यापूर्वी सहज पाहिले, तर चक, म्हणजे तुकडा घट्ट पकडून फिरणारा भाग, आवळायची किल्ली चकमध्येच अडकलेली होती. स्पिंडल (चक फिरवणारा दांडा) फिरला असता, तर ती सुटून कोणाच्याही तोंडावर आदळली असती. किल्ली चकमध्ये असेपर्यंत तिच्यावरचा हात काढायचा नाही, हा माझा आग्रह तेव्हापासून अधिकच पक्का झाला आहे.

त्यानंतर मी चक हाताने एक पूर्ण फेरा फिरवून त्याचे जबडे कापणारे टूल धरणाऱ्या टूल पोस्टला कुठे घासत नाहीत ना, हे पाहतो आणि मगच वेग निवडतो. 25 मिमी व्यासाच्या माइल्ड स्टीलसाठी एचएसएस (हाय स्पीड स्टील) टूलने मिनिटाला 30 मीटर कर्तनवेग धरल्यास मिनिटाला साधारण 380 फेरे येतात.

हातमोजे मात्र मुळीच नकोत, कारण मोजा फिरत्या जॉबमध्ये (कापायच्या तुकड्यात) गुंतला, की बोटांसकट आत ओढला जातो. टूलभोवती गुंडाळलेली, कापलेल्या धातूची निळसर, धारदार चीपही मशीन पूर्ण थांबवून आकड्यानेच काढावी.