९५ युरोंचं कुलचिन्ह आणि फ्रीसलंडचा उलटा वारा

सुरुवातीलाच सांगते: आडनाव सांगा, दहा मिनिटांत तुमच्या घराण्याचं कुलचिन्ह काढून देतो, असं म्हणणाऱ्या कुणाकडूनही काही विकत घेऊ नका. मी घेतलं. ९५ युरो, चौकटीसकट.

सासऱ्यांचा ७५वा वाढदिवस होता. उन्हाळी बाजारात एका मांडवात ढाली, शिरस्त्राणं, सिंह, मुकुट असं सगळं टांगलेलं होतं. सासरचं आडनाव 'मा'ने संपणारं, अस्सल फ्रीसलंडचं, म्हणजे नेदरलंड्सच्या उत्तरेकडच्या प्रांतातलं. विक्रेत्याने यादीत बोट फिरवलं, "आहे तुमचं!" म्हणाला आणि मी हरखून गेले. सासऱ्यांनी चौकट दिवाणखान्यात लावली. दोन महिन्यांनी त्यांचे चुलतभाऊ जेवायला आले, बराच वेळ तिच्याकडे बघत राहिले आणि हळूच म्हणाले, "हे आपलं नाही." सासरे काहीच बोलले नाहीत. चौकट भिंतीवरून काढलीही नाही, मला वाईट वाटेल म्हणून. ते मला जास्त लागलं. ऑक्टोबरच्या सुट्टीत मी आणि नवरा खरं शोधायला निघालो ते त्यामुळे.

आधी फसवणूक कशी होते ते नीट समजून घ्या. १९व्या शतकात रीटस्टाप नावाच्या डच माणसाने युरोपभरच्या घराण्यांच्या कुलचिन्हांचा प्रचंड कोश केला. पहिली आवृत्ती १८६१ची, आणि दुसऱ्या आवृत्तीत लाखाहून जास्त नोंदी आहेत. वर्णनं फ्रेंचमध्ये. काम अफाट आहे, दोष त्याचा नाही. विक्रेते त्यातलं जुळणारं आडनाव उचलतात, चित्र छापतात आणि तुमच्या हातात देतात. पण कुलचिन्ह घराण्याचं असतं, आडनावाचं नसतं. आपल्याकडे हे समजावून सांगावं लागू नये. जाधव किती समाजांत आहेत, सावंतांची किती घरं आहेत! आडनाव एक म्हणून देवक एक असं कुणी म्हणत नाही, सोयरीक जुळवताना तर नाहीच. नवऱ्याला मी देवकाचं उदाहरण दिलं तेव्हा त्याला दोन मिनिटांत पटलं.

पुढचं सगळं घरबसल्या होतं, आणि ते केल्याशिवाय रेल्वेचं तिकीट काढू नका. फ्रीसलंडसाठी 'आलेफ्रीझन' आणि देशभरासाठी 'वी-वास-वी' या दोन ठिकाणी जन्म, लग्न, मृत्यूच्या नोंदी शोधता येतात. नागरी नोंदणी देशाच्या बहुतेक भागात १८११पासूनची आहे. लग्नाच्या नोंदीबरोबर जोडलेली कागदपत्रं मुद्दाम उघडा. लग्न करताना जन्माचा दाखला द्यावा लागे, आईवडील हयात नसतील तर त्यांच्या मृत्यूचाही. त्या एका गठ्ठ्यातून तुम्ही १८व्या शतकात पोचता. त्याआधी चर्चच्या बाप्तिस्म्याच्या वह्या. घराणं मेनोनाइट असेल तर तिथे बाळांची नोंद शोधत बसू नका, कारण ते लोक मोठेपणी बाप्तिस्मा घेतात. आमची एक संध्याकाळ यात फुकट गेली.

आणि मग १८११. नेपोलियनच्या त्या वर्षीच्या १८ ऑगस्टच्या हुकुमाने ज्यांना कायमचं आडनाव नव्हतं त्यांना ते घेऊन नोंदवावं लागलं. फ्रीसलंडच्या खेड्यांत बहुतेकांना तोवर नव्हतंच. स्वतःचं नाव आणि पुढे बापाचं नाव, पिढ्यान् पिढ्या असंच. आपण शाळेच्या दाखल्यावर लिहितो तसं, फक्त शेवटचा शब्द नाही. आमच्या पूर्वजाची आडनाव घेतल्याची नोंद सापडली. ज्या शेतवाडीवर तो कुळ म्हणून राहत होता तिचंच नाव त्याने घेतलं होतं, आणि वाडीला ते नाव पडलं होतं जुन्या सरदार घराण्यावरून. म्हणजे माझ्या चौकटीतलं चिन्ह वाडीच्या मूळ मालकांचं. मुकुटाखाली सासऱ्यांचं आडनाव होतं खरं, पण रक्ताचा काही संबंध नव्हता.

इतकं कळल्यावर खरं तर थांबता आलं असतं. पण आमच्या घराण्याचं स्वतःचं काही होतं का, हा प्रश्न सुटेना.

हेगचा दिवस सोपा गेला. राष्ट्रीय अभिलेखागार हेगच्या सेंट्राल स्टेशनाला लागूनच आहे. सीबीजी, म्हणजे वंशावळीचं राष्ट्रीय केंद्र, १९४५पासून हेगमध्येच. मुशार्ट नावाच्या संशोधकाने आयुष्यभर कागदपत्रांवरचे जुने शिक्के बघून त्यांवरच्या कुलचिन्हांची टिपणं केली, तो संग्रह सीबीजीकडे आहे. आमच्या लोकांचं त्यात काही मिळालं नाही. तिथून चालत जाऊन ग्रोटे केर्क या चर्चमधल्या ढाली बघता येतात, १४५६च्या 'गोल्डन फ्लीस' या मानाच्या सरदार-संघाच्या मेळाव्याच्या. चर्च उघडं आहे का ते आधी बघा. बाकी लिहिण्यासारखं काही नाही.

तिथून फ्रीसलंडच्या राजधानीला, लेउवार्डनला, रेल्वेने अडीच तासांच्या आसपास. तिथलं ट्रेसोआर हे अभिलेखागार या सगळ्या प्रवासातली सर्वांत उपयोगी जागा. फ्रीसलंडचं कुणी असेल तर हेग सोडा, थेट इथे या. १७४९ची करपट्टीची वही मागा. तीत घरटी कुटुंबप्रमुख, किती मोठी माणसं, किती मुलं आणि ऐपत काय, हे एका ओळीत लिहिलेलं असतं. आडनाव घेणाऱ्याच्या आजोबांच्या नावापुढे 'सुस्थितीतला शेतकरी' असं होतं. मग मतदार शेतवाड्यांच्या वह्या, १६४०, १६९८ आणि पुढच्या. इथे मत माणसाला नव्हतं, वाडीला होतं. स्वतःच्या मालकीची अशी वाडी असलेला शेतकरी गावात मानाचा. असे शेतकरी सरदार नसूनही कुलचिन्ह वापरत, आणि त्यांच्या ढालींवर पुन्हा पुन्हा दिसतो तो अर्धा गरुड, काळा, सोनेरी पार्श्वभूमीवर, मधल्या उभ्या रेषेतून बाहेर आलेला. उरलेल्या अर्ध्यात बहुतेकदा तिपानी (क्लोव्हर), ओकची फळं किंवा घराण्याची रेघांची खूण. आजोबांची वाडी स्वतःची होती. म्हणजे शक्यता होती. तिथल्या बाईंनी सांगितलं, "गावच्या चर्चमधली फरशी बघून या."

आता त्या रस्त्याबद्दल. गावाचं नाव देत नाही, घरची माणसं अजून तिथे आहेत. लेउवार्डनपासून १८ किलोमीटर, वायव्येला. सगळे म्हणाले, सपाट प्रदेश आहे, सायकलने जा, तासाभराचं काम. मी वेंगुर्ल्याची. बंदरावरचा पावसाळी वारा मला ठाऊक आहे, असं मला वाटत होतं. हा वेगळा आहे. उत्तरेच्या वाडन समुद्रावरून निघाला की तुमच्या छातीपर्यंत त्याला अडवणारं एक झाड नाही, एक टेकडी नाही. चढावर निदान माथा दिसतो. इथे चर्चचा मनोरा पहिल्या अर्ध्या तासात दिसतो आणि पुढचे दोन तास तेवढाच राहतो. दहाव्या किलोमीटरनंतर पाऊस आडवा येऊ लागला. कालव्याच्या कडेच्या दोन किलोमीटरच्या सरळ पट्ट्यात मी तीनदा उतरून सायकल ढकलली. मांड्या थरथरत होत्या, बोटांना ब्रेक कळत नव्हता. पोचायला पावणेतीन तास लागले. येताना तोच रस्ता वारा पाठीशी घेऊन ५५ मिनिटांत झाला. हे वाचून ठरवा. वाऱ्याचा अंदाज बघा. वायव्येचा वारा बोफोर्ट या वाऱ्याच्या मापावर पाचच्या वर असेल तर सायकल काढू नका, मग तुम्ही कितीही धडधाकट असा. बसने जा. लहान गावांना फोन करून बोलवायची बस असते, तिला किमान तासभर आधी कळवावं लागतं, आणि शनिवार-रविवारी ती आहे का हे विचारून घ्या. पावसाळी पँट आणि जलरोधक हातमोजे नसतील तर ऑक्टोबरात इकडे फिरकू नका.

पोचलो तर चर्चला कुलूप. दारावर कागद: किल्ली अमुक घरी. त्या घरी कुणी नाही. शेजारच्यांनी फोन लावून दिला आणि किल्ली सांभाळणाऱ्या आजी ४० मिनिटांनी आल्या. चूक आमची. आदल्या दिवशी फोन करायला हवा होता. फ्रीसलंडच्या खेड्यांत असंच चालतं आणि लोक मनापासून मदत करतात, पण ते तुमची वाट बघत बसलेले नसतात.

आत फरशीभर थडग्यांचे दगड. १८२९पासून चर्चच्या आत पुरायला बंदी आली, तेव्हा आतले दगड त्याआधीचे. चौथ्या ओळीत, बाकाच्या अर्धवट खाली, ते नाव. स्वतःचं, पुढे बापाचं. वर्ष १७५८. करपट्टीच्या वहीतलेच आजोबा. नवरा गुडघ्यावर बसला.

वर ढालीची जागा होती आणि ती गुळगुळीत होती. छिन्नीने तासलेली. १७९५मध्ये फ्रेंच फौजा आल्या, बाटाव्हियन प्रजासत्ताक झालं, समतेच्या नावाने कुलचिन्हांवर बंदी आली. चर्चमधल्या लाकडी ढाली उतरवल्या गेल्या, दगडांवरची चिन्हं तासली गेली. मी हे आदल्या दिवशी वाचलं होतं. वाचणं वेगळं. एका शेतकऱ्याने आपल्या बापासाठी पैसे मोजून कोरून घेतलेलं चिन्ह चाळीसेक वर्षांत कुणीतरी पाथरवट लावून खरवडून काढलं, त्या जागेवर हात ठेवणं वेगळं.

आजींनी विचारलं, "दिवा आहे का?" आहे म्हटल्यावर त्यांनी चर्चमधले दिवे बंद केले. हा सगळ्यांत कामाचा सल्ला आहे: वरून प्रकाश टाकू नका. विजेरी जमिनीला टेकवून, आडवी, दगडाच्या कडेकडून धरा आणि हळूहळू फिरवा. छिन्नी खोल गेलेली नसेल तर सावल्या उठतात. पहिल्या तीन दिशांनी काही दिसलं नाही. चौथ्या बाजूने एका पंखाची चार पिसं उठली. मग शेपटी. मग दुसऱ्या अर्ध्यात, खाली, तिपानीचं एक पान, देठासकट. अर्धा गरुड आणि तिपानी. तिपानी एक होती की तीन, ते ठरवण्याइतकं काही उरलेलं नाही. नवरा रडत होता. मीही.

टिपून घेताना एक लक्षात ठेवा. ढालीची उजवी बाजू म्हणजे ढाल धरणाऱ्याची उजवी, म्हणजे बघणाऱ्याच्या डावीकडची. गरुड तिकडेच असायला हवा. वहीत उलटं लिहिलंत तर पुढे सगळं उलटं होतं. दगडावरून रंग कळत नाहीत. चांदीच्या वस्तूंवर किंवा छापील चित्रांवर रेघांवरून कळतात: उभ्या रेघा लाल, आडव्या निळ्या, तिरक्या हिरव्या, ठिपके म्हणजे सोनं, कोरी जागा चांदी. दगडावर कागद ठेवून घासू नका, विचारल्याशिवाय तर मुळीच नाही. फोटो पुरतात, चारही बाजूंनी प्रकाश टाकून, शेजारी मोजपट्टी ठेवून.

दुसऱ्या दिवशी ऊन पडलं आणि आम्ही बसने फेर्वर्टला जाऊन तिथून चालत हेगेबाइन्टमला गेलो. नेदरलंड्समधली सर्वांत उंच टेर्प, म्हणजे पुरापासून वाचायला माणसांनी रचलेली टेकडी. वर चर्च, आत मृत सरदारांच्या स्मरणार्थ टांगलेल्या लाकडी शोकढाली, डझनाहून जास्त, रंग शाबूत. तासले नसते तर आमच्या दगडावरही काय दिसलं असतं याची कल्पना तिथे येते. जरूर जा.

भारतातून वाचणाऱ्यांना डच कुलचिन्हं कोरलेले दगड बघायचे असतील तर कोचीच्या सेंट फ्रान्सिस चर्चच्या भिंतींना लावलेले आहेत. तासलेले नाहीत. माझ्या वेंगुर्ल्यात डचांनी १६३७मध्ये वखार घातली, तिच्या पडक्या भिंतींजवळून मी शाळेत जात असे. ती बांधणाऱ्या लोकांच्या गावातली माणसं कशी होती हा विचार तेव्हा कधी मनात आला नव्हता.

राहता राहिला व्यवहार. नेदरलंड्समध्ये कुणीही नागरिक स्वतःचं नवं कुलचिन्ह घेऊ शकतो, त्यासाठी सरदार असावं लागत नाही. सरदार घराण्यांचं आणि नगरपालिकांचं काम १८१४पासूनची सरदार परिषद बघते, सामान्य घराण्यांची नोंद सीबीजी करतं. फ्रीसलंडच्या घराण्यांसाठी तिथली स्वतःची कुलचिन्ह समितीही आहे. हे लोक चिन्ह दुसऱ्या कुणाचं तर नाही ना ते तपासतात. शुल्क आणि किती महिने लागतील ते आधी लेखी विचारा. बाजारात ९५ युरो देण्यापेक्षा तो खर्च शंभर पटीने योग्य.

सासऱ्यांना आम्ही फोटो दाखवले. विजेरीच्या चौथ्या बाजूचा फोटो त्यांनी मोठा करून बराच वेळ पाहिला, पिसं मोजली. मग उठून जुनी चौकट स्वतः उतरवली, आतलं चित्र काढून घडी केली आणि चौकट मला परत दिली. "ही ठेव," म्हणाले, "माप बरोबर आहे." मे महिन्यात त्यांना दगड दाखवायला नेणार आहोत. आजींना फोन झाला आहे. जाणार बसने.